बाबांचा राहिलेला बाप्तिस्मा

माझ्या धाकट्या भावानं चहा नाही म्हटलं आणि आमच्या घरात गडबड सुरू झाली. हैदराबादहून आगगाडीनं वाशीम, तिथून एसटीनं रिसोड, असा तो सुटीत आला होता. मायनं त्याच्या हातातली बॅग घ्यायच्या आधीच अद्रकाचा चहा ठेवला होता. आणि हा साहेब म्हणतो, मी चहा सोडला. मायनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मी विचारलं, डॉक्टरनं बंद केला का बाबू? तर म्हणे, नाही, आमची मंडळी चहा घेत नाही.

कोणती मंडळी, बाप्पा? आमची इथली ख्रिस्ती मंडळी तर प्रार्थना झाल्यावर चहाशिवाय उठत नाही. दर रविवारी टिनाच्या शेडमध्ये आम्ही जमतो, आणि आवाज मोठा म्हणून शास्त्र वाचायचं काम माझ्याकडे असतं. भाऊही लहानपणी तिथंच मांडी घालून बसायचा. आता मात्र तो हैदराबादेत मॉर्मन नावाच्या अमेरिकन पंथात गेला होता. कंपनीतल्या दोस्तानं एकदा नेलं, याला माणसं आवडली, दोन वर्षं झाली. आम्हाला आज सांगत होता. ते लोक बायबल मानतात, पण सोबत त्यांचं आणखी एक पुस्तक मानतात. ख्रिस्त पुन्हा उठल्यावर अमेरिकेतल्या जुन्या लोकांनाही भेटला, असं त्यात आहे म्हणे.

माझं डोकं तापलं. माझा स्वभावच तसा आहे, खोटं कशाला सांगू. तोंडातून जे आत जातं त्यानं माणूस विटाळत नाही हे बायबलातलं वचन तू लहानपणी पाठ केलं होतं ना, असं मी त्याला सुनावलं आणि त्याच्या वाट्याचाही चहा पिऊन टाकला. तो हसला. तो हसला की मला आणखीच राग येतो.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी निघाली. त्यानं बॅगेतून एक छापील कागद काढून मायसमोर ठेवला. त्यावर बाबांचं पूर्ण नाव, जन्म, गाव, मरणाचा दिवस असं सगळं लिहायचं होतं. त्यांच्या खास मंदिरात एक जिवंत माणूस बाबांच्या नावानं पाण्यात उतरणार, आणि तो बाप्तिस्मा बाबांना लागू होणार. मात्र मेलेल्या माणसाची बायको हयात असेल तर तिची परवानगी लागते. म्हणून तो आला होता.

मायच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. तिनं हळूच विचारलं, "म्हंजे मंग ते तिकडं माह्यासंगं राहतीन?"

भाऊ म्हणाला, हो माय, त्यासाठीच.

इथं आमच्या घराची गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बाबा त्याच घरात वाढले, एसटीत नोकरी केली, रोज सकाळी वंदना म्हटली, आणि शेवटपर्यंत बौद्धच राहिले. माय मात्र एका मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हा मंडळीत आली, मागोमाग आम्ही दोघं पोरं. घरात त्यावरून भांडण नव्हतं. बाबा म्हणायचे, माह्या बापानं विचार करून घेतलं, तू विचार करून घे. मायचा बाप्तिस्मा पैनगंगेत झाला, जानेवारीच्या थंडीत. बाबा सायकलवर आले होते. काठावर उभे राहून त्यांनी मायचं कोरडं लुगडं आणि टॉवेल छातीशी धरला होता. मंडळीच्या पाळकांनी प्रार्थनेसाठी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले, आम्ही मिटले, आणि उघडले तेव्हा माय चिंब होऊन काठावर आलेली होती. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. ख्रिस्तावर विश्वास न ठेवता गेलेला माणूस स्वर्गात जात नाही असं मंडळीत शिकवतात, म्हणून मायला त्या दिवसापासून एकच घोर आहे, आपण वर गेल्यावर ते तिथं असतील की नाही. ती बोलत नाही, पण प्रार्थनेत बाबांचं नाव आलं की तिचा आवाज बारीक होतो.

आणि आता तिच्यासमोर कागद होता. रविवारी सांगते, असं ती म्हणाली.

रविवारपर्यंत माझ्या हातात तीन दिवस होते. काय दिवस होते ते! मी बाजार समितीत एका व्यापाऱ्याकडे नमुने काढतो. सोयाबीनच्या पोत्यात परखी खुपसायची, ती टोकदार नळी पोटात दाणे घेऊन बाहेर येते, मग ओलावा पाहायचा, माती पाहायची. हंगाम जोरात होता आणि माझ्या शर्टाच्या खिशात वचनांची चिठ्ठी होती. पोतं, चिठ्ठी, पोतं, चिठ्ठी. व्यापारी म्हणाला, परीक्षा आहे का रे तुझी? मी म्हटलं, हो, मोठी.

भावाजवळ त्याच्या पंथाच्या बाजूनं बायबलातली तीन वचनं होती. मी आमच्या पाळकांना फोन लावला. ते शांत माणूस. म्हणाले, प्रत्येक वचनाच्या वीस ओळी वर आणि वीस ओळी खाली वाच, मग मला फोन कर. मी फोन ठेवला आणि हसायलाच लागलो. अरे, हे तर मी रोज करतो! वरवरची मूठ पाहून कोणी माल घेतो का? वरून एक, मधून एक, बुडातून एक, असे तीन नमुने काढतात.

मग मी वाचत सुटलो. जेवताना वाचलं, नळाला पाणी येईपर्यंत वाचलं. पहिलं वचन, संदेष्ट्याला देव सांगतो की दोन काठ्या घे आणि एक कर. मॉर्मन लोक म्हणतात, त्या काठ्या म्हणजे दोन पुस्तकं, एक बायबल आणि एक आमचं. मी खाली वाचत गेलो तर तिथंच अर्थ दिलेला, की देवाच्या लोकांची फुटलेली दोन राज्यं पुन्हा एक होतील. पुस्तकाचा पत्ताच नाही. मी मांडीवर थाप मारली. दुसरं वचन, ख्रिस्त म्हणतो या मेंढवाड्यातली नाहीत अशी माझी आणखी मेंढरं आहेत. ते म्हणतात, ती अमेरिकेतली. मी पुढं मागं वाचलं, पाळकांना विचारलं, आणि एकदम माझ्या अंगावर काटा आला. यहूदी नसलेले सगळे म्हणजे ती मेंढरं. म्हणजे आपण! अमेरिकेत कशाला शोधता, ती मेंढरं तर रिसोडला टिनाखाली बसून पोहे खातात. इतकी वर्षं मी ते वचन मोठ्यानं वाचत आलो, आणि त्यात मी आहे हे मला भावाशी भांडताना कळलं. मी इतका खूश झालो की भावालाच जाऊन सांगितलं. तोही माझ्यासारखाच तापट निघाला, त्याची वही घेऊन आला, आणि आम्ही ओट्यावर तासभर कडाकडा भांडलो. लहानपणी पतंगावरून भांडायचो, तशी मजा आली. पोरगा हुशार आहे, हे मला कबूल करावं लागेल.

तिसरं वचन मी मुद्दाम रविवारसाठी ठेवलं.

प्रार्थना झाली, घरी आलो, माय मध्ये बसली, कागद तिच्या मांडीवर. भावानं शांतपणे वाचून दाखवलं. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित म्हणतो की काही लोक मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेतात. म्हणजे ही चाल पहिल्यापासून होती, आम्ही ती परत आणली, असं भावाचं म्हणणं. माय माझ्याकडे पाहू लागली.

आता माझी पाळी होती आणि मी उभाच राहिलो, शेडमध्ये राहतो तसा. सगळा अध्याय वाचला, वरपासून खालपर्यंत. प्रेषिताचा विषय एकच, मेलेले उठणार की नाही. जे उठत नाहीत म्हणतात त्यांना तो विचारतो की मग काही लोक मेलेल्यांसाठी पाण्यात कशाला उतरतात. ते करा, असं तो कुठंच सांगत नाही. ख्रिस्तानं सांगितलं नाही, बाकी कोणत्या पत्रात नाही. आणि विश्वास ज्याचा त्यानं ठेवायचा असतो, माय, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं ठेवून चालत नाही. भाऊ म्हणाला, बाबांवर सक्ती नाही, बाबा तिकडं नाही म्हणू शकतात, आपण फक्त दार उघडतो. मी म्हटलं, हे तिकडचं दार कोणत्या ओळीत आहे ते दाखव. त्यानं पानं उलटली, एक दाखवली, मी तिच्याही वरचं आणि खालचं वाचलं. शेवटी त्यानं वही मिटली. मी जिंकलो होतो. माझे कान गरम झाले होते आणि, लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला होता.

मायनं विचारलं, "मंग तुहा बाप कुठी हाय?"

मी तोंड उघडलं. मंडळीत या प्रश्नाला एक उत्तर देतात, ते मला पाठ आहे, मी ते दुसऱ्यांच्या बापांबद्दल मोठ्या आवाजात दिलेलंही आहे. ते बाहेर येईना. सकाळी वंदना म्हणणारे, खाकी शर्टाची वरची गुंडी न लावणारे बाबा डोळ्यांसमोर आले.

"मले माहीत नाही, माय," मी म्हटलं आणि खाली बसलो.

भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. तीन दिवसांत पहिल्यांदा मी त्याच्यासमोर माहीत नाही असं म्हटलं होतं. मायनं कागद उचलला, चष्मा लावून नीट पाहिला आणि परत मांडीवर ठेवला. मग ती भावाला म्हणाली, "त्याईले म्या जित्तेपणी इचारलं होतं. चाला म्हटलं माह्यासंगं पाण्यात. नाही म्हणाले. आता मी पुन्यांदा कायले इचारू?"

भाऊ म्हणाला, पण माय, तुला तर ते सोबत पाहिजेत ना.

मायनं चष्मा काढून पदराला पुसला. मग तिनं जे सांगितलं ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पैनगंगेत त्या दिवशी तिला बुडवून वर काढलं तेव्हा थंडीनं तिचे पाय कापत होते. बाहेर येताना पाय गाळात घसरला. सगळ्यांचे डोळे मिटलेले, पाळकांचेही. तिनं काठाकडे पाहिलं तर बाबा तिथं नव्हते. ते चपला, पँट सगळ्यासकट पाण्यात आले होते. एका हातानं तिचं कोरडं लुगडं डोक्याच्या वर धरलेलं आणि दुसरा हात तिच्याकडे. तिला काठावर पोचवून ते पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहिले. तोवर प्रार्थना संपली.

मला त्यांची ओली पँट आठवली. सायकलवर पुढच्या दांडीवर बसून घरी येताना ती माझ्या पायाला गार लागत होती, आणि मी विचारलंही नव्हतं.

भावानं डोळे पुसले. कागद हातात घेतला, पेनचं टोपण काढलं आणि बराच वेळ त्या रिकाम्या रकान्यांकडे पाहिलं. "मंग काय लिहू, माय?"

"लिही," माय म्हणाली, "गुडघ्यापर्यंत आले होते."

त्यानं लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं, आणि त्याच्या वर काय आहे, खाली काय आहे, ते पाहिलं नाही.