स्पीकरवरचं ‘नाही’

फोन स्पीकरवर टाका असं मी म्हटलं, म्हणून ती गेली.

आज वर्ष झालं.

नाव लिहीत नाही. ते मला फॉर्ममध्ये मिळालं होतं, ओळखीतून नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मी नर्स आहे, पण पेशंटला हात लावत नाही. यवतमाळात हेडफोन लावून बसते. लोक फोन करतात, मी स्क्रीनवरचे प्रश्न विचारते आणि ठरवते, ॲम्ब्युलन्स आत्ता की दवाखाना उद्या.

वेचणीचे दिवस होते, भर दुपार. पुसदच्या पुढच्या एका गावातून तिच्या सासऱ्यांचा फोन आला. बाकी सगळे कापूस वेचायला गेलेले.

"सुनेले चक्कर येऊन राह्यली मॅडम. बाळंत होऊन नऊ दिस झाले."

"बाबाजी, फोन स्पीकरवर टाका. मी तिलेच विचारते."

दोघांचं एकदम ऐकू येतं, वेळ वाचतो. आम्ही सगळ्याच असं करतो.

"ताई, अंगावरून जास्त जातं का?"

ती थांबली. मग म्हणाली, "नाही."

मी टिक केलं. पुढचा प्रश्न.

शेवटी सांगितलं, मीठ-साखरेचं पाणी द्या, सकाळी दवाखान्यात न्या.

अहो, मीही याच जिल्ह्यातली सून आहे. घरात सासरे असले की पॅडचं पाकीट मी पदराखालून नेते. नर्स असून. आणि तिला हे मी सासऱ्यांच्या हातातल्या फोनवर विचारलं. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी फॉलो-अपचा कॉल मीच लावला. सासूने उचलला.

"गेली वं माय ते. मी वावरातून आली त गोधडी सारी भिजली होती. म्हटलं, काहून सांगतलं नाही? त म्हने, मामाजी होते ना समोर. गाडी येईपर्यंत संपलं."

मामाजी. आमच्याकडे सुना सासऱ्यांना तसंच म्हणतात. मीही म्हणते.

मागून त्यांचा आवाज आला. "त्या मॅडम आहेत का? त्यायले सांग, पानी देलं होतं. सांगतलं तसंच केलं."

कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता मी आधीच सांगते, स्पीकर बंद करा, फोन बाईच्या कानाला लावा. लोक लावतात बिचारे. आणि तिथेच उभे राहतात. एका खोलीचं घर, जातील कुठे.

मी तोच प्रश्न विचारते. पलीकडून तेच उत्तर येतं.

"नाही."

खरं कोणतं, खोटं कोणतं, मला कळत नाही. पुढे कळेल असंही वाटत नाही. स्क्रीनवर त्यासाठी रकाना नाही.

तिचं बाळ आता वर्षाचं झालं असेल. मुलगी आहे. तीही कधीतरी कोणासमोर तरी ‘नाही’ म्हणेल, याची मला भीती वाटते.

ताई, तू थांबलीस ते मला ऐकू आलं होतं.
तरी मी पुढचा प्रश्न विचारला.

श्रद्धांजली कोणत्या तोंडाने वाहू?
तरी वाहते.