इंटीन रुसला नव्हता

बडोद्याच्या गोरवा भागातल्या आमच्या छोट्या कारखान्यात जीवाणूंकडून प्रथिनं बनवून घेतात. त्यातल्या एका प्रथिनाचं काम माझ्याकडे होतं आणि ते दोनदा फसलं. तिसऱ्यांदा फसलं तर काम बंद आणि माझी बदली पॅकिंगला, असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी सांगून टाकलं. प्रमुख अस्सल बडोद्याचे, बोलताना गुजराती मिसळणारे, वयाने माझ्याहून लहान.

"ताई, बस ने आता. तुमचा इंटीन रुसलाय."

"रुसायला तो काय जावई आहे? आणि पॅकिंगला मी जाणार नाही."

इंटीन हा प्रथिनाचाच एक तुकडा. काही सूक्ष्मजीवांच्या पेशींत तो प्रथिनाच्या मधोमध तयार होतो, मग स्वतःला कापून बाहेर पडतो आणि मागची दोन टोकं जोडून देतो. तो निघाल्याशिवाय ते प्रथिन कामाचं नसतं. बाहेरची कात्री लागत नाही, म्हणूनच मी तो निवडला. आमचा इंटीन थोडा बदललेला. जोडत नाही, फक्त कापतो. पेशी फोडून निघालेला रस बारीक मणी भरलेल्या नळीतून सोडला, की त्या मण्यांशी तो आमचं प्रथिन धरून ठेवतो. बाकीचा कचरा धुऊन काढायचा, मग सडक्या अंड्यासारख्या उग्र वासाचं एक रसायन घालायचं, की तो प्रथिन सोडून देतो. आमच्या नळीतून मात्र शेवटी काहीच येत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला पेशी फोडायच्या द्रावणाची बाटली उघडली आणि तोच सडक्या अंड्याचा वास आला.

"यात हे कुणी घातलं?"

"मीच घालायला सांगितलं," प्रमुख म्हणाले. "सगळ्याच प्रथिनांना घालतो ने आपण. खराब होऊ नये म्हणून."

घालतात, सगळीकडेच घालतात. पण इथे त्यामुळे, पेशींचा रस रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेला असतानाच, इंटीनने कापाकापी उरकली होती, नळीत जाण्याआधी. आमचं प्रथिन कचऱ्याबरोबर वाहून जात होतं. मागच्या खेपेचं धुवण मी फेकू दिलं नव्हतं. ते तपासलं, तर प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर आमच्या प्रथिनाची पट्टी ठसठशीत उमटली.

प्रमुखांनी त्या पट्टीवर बोट ठेवलं. "सारू, ठीक आहे. परत करा."

"करते. पण माझी द्रावणं मीच बनवणार. मला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

"अहो ताई, मी प्रमुख आहे!"

"म्हणून तर पहिलं तुम्हाला सांगितलं."

त्याच आठवड्यात प्रथिन नळीतून आलं, स्वच्छ. काम अजून माझ्याकडेच आहे, आणि माझ्या बाटल्या कुलपात.