चुलीमागच्या कोनाड्यातली बॅटरी

मी घरजावई होतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. माझं गाव आंबागड. बायको सिहोऱ्याची, एकुलती एक, आईवेगळी. सासऱ्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, पाहायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून लग्नानंतर मीच बोचकं उचलून तिकडे गेलो. शेतीत मला गती नव्हती. मी रेडिओ दुरुस्त करायचो आणि लग्नकार्यात लाउडस्पीकर लावायचो. आमच्याकडे हिंदीतली एक म्हण सर्रास चालते: दूर जमाई फूल बराबर, गाव जमाई आधा, घर जमाई गधा बराबर, जब चाहा तब लादा. पहिल्या वर्षी पानठेल्यावर कोणीतरी ती ऐकवली तेव्हा मी हसलो होतो. आठव्या वर्षी ऐकली तेव्हा हसू आलं नाही.

सासरे वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. वाईट असते तर भांडता आलं असतं. त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही, कायम जवाईबापू. पण कोणत्या बांधीत कोणतं धान लावायचं, छप्पर कधी शाकारायचं, म्हैस ठेवायची की विकायची, हे सगळं ठरून झाल्यावर माझ्या कानावर यायचं. मी मान डोलवायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त आमच्याकडे बुक्क्याही कोणी मारत नव्हतं.

सासऱ्यांचा जीव होता शंकरपटात. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या भागात बैलजोड्यांच्या शर्यती लागतात, तो शंकरपट. त्यांची जोडी कधी चुकली नव्हती. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका हिवाळ्यात त्यांच्या एका बैलाचा पाय दुखावला आणि पटात उतरवायला घरात जोडीच उरली नाही. म्हातारा दिवसभर गोठ्याच्या दाराशी बसून राहायचा. कोणी पटाचा विषय काढला की उठून जायचा.

त्याच सुमारास बायकोचा चुलतभाऊ सुट्टीवर आला. तो बोटीवर नोकरीला होता. त्यानं परदेशातून दोन डबे आणले होते. प्रत्येकात एक ट्रक, हातभर लांब, विजेवर चालणारा, पाठीवर बारीक तार उभी. हातातल्या पेटीवरून रेडिओच्या लहरींनी तो पळवायचा. खडबडीत जमिनीवर शर्यत लावायलाच हे बनवतात, त्याला खेळणं म्हणू नका, असं तो चारचारदा सांगायचा. त्यानं ठरवलं होतं की एक ट्रक आपल्या घराचा आणि एक मोठ्या काकांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या घराचा. पटाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही घरांची शर्यत लावायची, पाच फेऱ्या. पटाच्या कमिटीलाही गंमत वाटली, त्यांनी हो म्हटलं.

थोरलं घर म्हणून निवडीचा मान सासऱ्यांना. ओट्यावर दोन्ही ट्रक ठेवलेले. एक अंगानं हलका, बुटका, त्याच्या चाकांजवळ तेल भरलेल्या नळ्या, धक्के खाणाऱ्या. दुसरा उंच, जाडजूड चाकांचा, त्याला नुसत्या स्प्रिंगा. मी पाहताक्षणी ओळखलं की घ्यायचा तर हलका. दोघांच्या मोटारी सारख्याच, आणि जाडा तेवढ्याच ताकदीवर दीडपट वजन ओढणार. सासऱ्यांनी दोन्ही उचलून वजन पाहिलं, चाकं अंगठ्यानं दाबली, समोरून वाकून छाती पाहिली. खरंच छाती. मग जाड्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, हा. मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे.

पण त्याच संध्याकाळी सासरे माझ्या दुकानात आले. याआधी ते तिथे कधी आले नव्हते. ट्रक टेबलावर ठेवून म्हणाले, "चालवनार तुमीच. भोंग्यावर तुमचं नाव पुकारू, माहं नाही."

पटात जोडी मालकाच्या नावानं पुकारतात. त्या घरातली बैलं, बैलगाडी म्हणजे आमची बंडी, बांध्या, सगळं त्यांच्या नावानं ओळखलं जायचं आणि मीसुद्धा. आठ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या नावानं होणार होतं. मला इतका आनंद झाला की मी सोल्डरिंगचा तापलेला रॉड उलटा धरला.

पुढचे तीन आठवडे दुकानातले रेडिओ धूळ खात पडले. तो जाडा ट्रक म्हणजे डोकेदुखी होती. धानाच्या कापलेल्या धसकटांवरून गेला की कोकरासारखा उड्या मारायचा आणि वळणावर पालथा पडायचा. स्प्रिंगांच्या आत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबले तेव्हा कुठे उड्या थांबल्या. डब्यात मोटारीची दोन दातेरी चाकं होती. मोठं लावलं की सरळ वाटेवर पळायचा पण धसकटात गुदमरायचा, लहान लावलं की दम यायचा पण वेग जायचा. मी लहान लावलं आणि वेग दुसरीकडून काढला. चाकांच्या दांड्यांत शेतातली माती बसायची, ती रोज रॉकेलनं धुतली. शिंप्याकडून मशीनचं तेल आणून एकेक थेंब दिला, जास्त दिलं की मातीचा चिखल व्हायचा. पुढची चाकं किंचित आत वळवली, तेव्हा तो सरळ चालायला लागला. एवढं करून सरावात मी मेव्हण्याच्या हलक्या ट्रकला दोनदा हरवलं. सासरे बांधावर उभे होते. त्यांचा मिशीला हात गेला, तो मी पाहिला.

बॅटरी सहा सेलची होती, हिरव्या प्लास्टिकात गुंडाळलेली. लाउडस्पीकरच्या मोठ्या बॅटरीवरून मी ती चार्ज करायचो. तिच्यासोबतचा कागद जपानीत, त्यातलं अक्षर कळेना. पण एक गोष्ट मला अनुभवानं कळली होती. मध्ये एका लग्नाला भोंगे घेऊन मी चार दिवस तुमसरला गेलो होतो. जाताना भरून ठेवलेली बॅटरी परत आल्यावर लावली, तर ट्रक चार फेऱ्यांत मलूल. ही बॅटरी नुसती ठेवली तरी तिची वीज गळते, शर्यतीच्या दिवशी सकाळीच भरायला हवी, हे मला पक्कं ठाऊक झालं.

पटाला आठ दिवस उरले तेव्हा सासरे पुन्हा दुकानात आले. म्हणाले, बॅटरी आत्ता पोटभर भरा आणि ठेवून द्या. पटाच्या आधी आठ दिवस जोडी जुंपत नाहीत, थकली जोडी अर्ध्या वाटेत बसते. मी म्हटलं, पण बाबा, हे बैल थोडेच आहेत. ते हसले. म्हणाले, दम तो दमच, बैलाचा असो की मशीनचा.

यावर मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. ते माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. भोंग्यावर तुमचं नाव पुकारू म्हणणाऱ्या माणसाला, ज्यानं चाळीस वर्षं पट मारले त्याला, तुमचं चुकतं असं कसं म्हणायचं? मी बॅटरी भरून दिली.

थंडी कडाक्याची होती. पटाच्या बैलांना थंडीत झूल घालतात, शेकोटीजवळ बांधतात. सासऱ्यांनी बॅटरीला आपल्या लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळलं, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं, उबेला. घरात सांगितलं, पटाच्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही, नजर लागते.

चौथ्या दिवशी दुपारी सासरे बांधीवर गेले होते. मी कोनाड्यात हात घातला. मफलर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा गरम होता. बायको भाजी चिरत होती. मी तिला सगळं सांगितलं, की ही रोज गळते आहे आणि या उबेत आणखी गळत असणार.

ती म्हणाली, "मंग घेऊन जा ना आत्ता. मी सांगतो बाबाले."

मी नको म्हटलं. तू सांगितलंस की ते समजतील मीच तुला पुढे केलं. मग तुम्हीच सांगा, ती म्हणाली. सांगतो, मी म्हटलं. तिनं विळीवरून मान वर करून पाहिलं आणि परत भाजी चिरायला लागली. मी सांगितलं नाही. आदल्या दिवशी मेव्हणा येऊन विचारून गेला, बॅटरी भरली का. भरली म्हणालो. खोटंही नव्हतं.

पटाच्या सकाळी मी मैदानावर भोंगे बांधत होतो, दरवर्षीप्रमाणे तेही माझंच काम. सासरे मफलरसकट बॅटरी घेऊन आले ते दुपारी, नेमके शर्यतीच्या घटकाभर आधी, गर्दीतून वाट काढत, दोन्ही हातांत धरून. भोंग्यावरून माझं नाव पुकारलं गेलं. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, माझं आंबागड. मी बांधलेल्या भोंग्यांतून. बॅटरी बसवून मी ट्रक रेघेवर ठेवला.

पहिल्या दोन फेऱ्या मी पुढे होतो. तिसऱ्या फेरीत मोहाच्या झाडाजवळच्या वळणावर मोटारीचा आवाज बसला. जे वळण पालथं न पडता घ्यायला मी त्याला शिकवलं होतं, तिथेच तो रांगायला लागला. मेव्हण्याचा हलका ट्रक सळकन बाजूनं गेला. मी पेटीवरचा खटका बोटाचं नख पांढरं पडेपर्यंत दाबून धरला, काय उपयोग. ट्रक लोकांच्या बंड्यांसमोर येऊन उभा राहिला तो राहिलाच. कोणीतरी म्हणालं, बैल बसला. दुसरा म्हणाला, तुतारी टोचा, म्हणजे बैलाला टोचतात ती खिळ्याची काठी. सगळं मैदान हसलं. आणि भोंग्यावर निकाल सांगताना माझं नाव पुन्हा आलं, या खेपेला सिहोऱ्याचे जावई म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर भोंगा लावून करून घेतलं.

सासऱ्यांनी ट्रक उचलला. हसणाऱ्यांना म्हणाले, जवाईबापूची काही गलती नाही, मशीनच कच्ची निघाली. त्यांनी माझी बाजू घेतली याचाच मला जास्त संताप आला. घरी येईपर्यंत मी त्यांच्या मागे चालत होतो आणि मनात आठ वर्षांची सगळी वाक्यं लावून ठेवत होतो, एकामागे एक.

आम्ही अंगणात पोचतो न पोचतो तोच मेव्हणा आला. जिंकल्याचा तोरा नव्हता त्याच्याकडे, उलट चुटपुट होती. त्यानं स्वतःची बॅटरी आमच्या ट्रकमध्ये लावली आणि खटका दाबला. ट्रक उसळून अंगणभर पळाला, कोंबड्या उडाल्या. मशीन ठणठणीत होती. बॅटरी कधी भरली होती, त्यानं विचारलं. सासऱ्यांनी सांगितलं, आठ दिवस झाले, चुलीमागे उबेला ठेवली होती. तो कपाळाला हात लावून म्हणाला, मोठेबाबा, ही नुसती ठेवली तरी उतरते, आणि उबेत तर फारच. मी माझी आज सकाळी भरली.

सासरे मग माझ्याकडे वळले.

"तुमाले ठाऊक होतं का?"

"होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

माझा बांध फुटला. मी म्हटलं, "या घरात मले बोलता येते का, बाबा? आठ वर्सांत एक गोष्ट तरी मले पुसून केली का?"

मला वाटलं ते चिडतील. चिडावेत असं मला फार वाटत होतं. ते पायरीवर बसले, चपला काढल्या.

"नाही पुसली," ते म्हणाले. "तुमी कवा म्हनता, बाबा, तुमी चुकले, थेच पाहून राहिलो होतो. माहा पोरगा असता त मले ढकलून बॅटरी घेऊन गेला असता. तुमी पाव्हनेच राह्यले."

लावून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही या जागी बसत नव्हतं. मेव्हणा केव्हा निघून गेला कळलं नाही. बायकोनं आत पाट मांडले, जावयाचं ताट आधी वाढलं. ते उचलून सासऱ्यांपुढे ठेवावं, आधी तुम्ही म्हणावं, असं मनात आलं. तेवढंही जमलं नाही. मी पहिला घास घेतला.