बाउन्स करण्याआधी

डिंडोलीत माझ्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत मी हळदीच्या, लग्नाच्या गाण्यांना संगीत करून देते. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चालतं. लॅपटॉप जुना. संगणकातली चार वाद्यं एकदम वाजवली की तो अडखळतो. त्यावर दोन उपाय आहेत. ट्रॅक फ्रीझ केला की भार उतरतो, आणि हवं तेव्हा तो परत उघडून सूर बदलता येतो. बाउन्स केला की पक्कं रेकॉर्डिंग होतं, वाद्य काढून टाकायचं, विषय संपला. मला बाउन्स आवडतो.

वरच्या मजल्यावर धुळ्याकडची एक बाई राहायची. आम्ही एकमेकींना बहीण म्हणायचो. पांडेसऱ्यातल्या मिलमधलं तिच्या नवऱ्याचं काम सुटलं आणि त्यांनी गावी परतायचं ठरवलं. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा तिच्यासमोर या बहिणीचं गाणं हवंच, असं गल्लीतल्या बायकांचं म्हणणं. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी तिला रेकॉर्डिंगला बसवलं. खाली टेम्पोत सामान चढत होतं.

गाण्याचे चार वाद्यांचे ट्रॅक मी आधीच फ्रीझ करून ठेवले होते. तिने हेडफोन लावला आणि त्या संगीताच्या बऱ्याच वरच्या सुरात सुरुवात केली. मी ट्रॅक उघडले, सूर चढवला, परत फ्रीझ केले. आता ती खालून सुरू झाली. मी सूर उतरवला. ती भलतीकडूनच निघाली.

"अगं, एक जागा धर की!"

"कशी धरू व बहीण? मनी सासू पहिली ओळ उचले, आम्ही मांगून म्हनूत. एकलीनी मी कधी सुरू करं नई."

खालून तिच्या नवऱ्याने हाक मारली, "आटप व! टेम्पोवाला थांबाव नई!"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग तूच उचल. तुना आवाज म्हंजे पाटावरवंटा, पन चाली जाई."

मी संगीताच्या सुरात पहिली ओळ म्हटली. तिने ती तिथूनच झेलली आणि अख्खं गाणं न थांबता म्हटलं. मग हेडफोन टेबलावर ठेवून, पदर खोचून जिना उतरली. निरोप वगैरे घ्यायला वेळ नव्हता.

टेम्पो वळल्यावर मी दार लावलं, रेकॉर्डिंगमधली माझी ओळ कापली आणि चारही ट्रॅक बाउन्स केले. फ्रीझ ठेवण्यात अर्थ नव्हता. सूर बदल म्हणायला आता वर कोणी नव्हतं.