अंगठ्याच्या आधी

माझ्या नजरेतून काही सुटायचं नाही, असं हडपसरच्या चौकीत म्हणायचे. म्हणणारा मीच होतो. शाळा सातवीत सुटली, शिपायाचा सहायक फौजदार झालो तो वयानं.

ती दुपार अजून डोळ्यापुढं तरंगते. भाजीवाली मावशी औषधाची बाटली घेऊन आली. "साहेब, दवाखान्यातनं हे चालू केल्यापासून आमचे हे दिवसभर झोपतात. उठले की म्हणतात, पेरूच्या बागेत होतो. बाग जाऊन तिथं काचेच्या इमारती झाल्या. हे औषध हाय कशाचं, तेवढं विचारा. माणूस जाईल माझा."

दवाखाना खासगी. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "नवीन औषधाचा प्रयोग आहे. पेशंटची संमती घेतलीय." इंग्रजी फॉर्म, खाली नवऱ्याचा अंगठा. बाकीच्या पेशंटचेही फॉर्म मागवले अन् चाळत बसलो. पांढरे पडदे हलत होते, पंखा गुणगुणत होता. माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा नाक फॉर्मवर टेकलं होतं, साक्षीदाराच्या सहीवर. पुढच्या फॉर्मवरही तीच सही. सगळ्यांवर तीच.

मला लगेच उमगलं, कारण आमच्या चौकीतही हेच चालायचं. समोरचा पानवाला आमचा कायमचा पंच. एकदा तो सासुरवाडीला होता, तरी पंचनाम्यावर त्याची सही होती. मीच करवून घेतलेली, तो परत आल्यावर.

इथला साक्षीदार कँटीनवाला निघाला. "पेशंटला काय वाचून दाखवलं?" मी विचारलं.

"मला कुठं इंग्रजी येतं, साहेब? बोलावलं की सही करतो."

डॉक्टर टेबलावरचे फॉर्म गोळा करायला लागले.

औषध बंद झालं. चार-पाच दिवसांत म्हातारा खडखडीत जागा झाला अन् बायकोवर रुसला, बाग गेली म्हणून.

मग मावशी जबाबाला आली. रायटरनं लिहिलं, मी सवयीनं शाईचा पॅड सरकवला. "द्या अंगठा."

तिनं हात पदराखाली घेतला. "काय लिहिलंय?"

"तुम्ही सांगितलं तेच."

"तिथं पण असंच म्हणाले होते. वाचा."

नोकरीभर असे किती अंगठे न वाचता घेतले, ते त्या वेळी आठवायला लागले. रायटर चहाला गेलेला. अक्षर लावत लावत मी वाचत राहिलो, उन्हाची तिरीप टेबलावरून भिंतीवर गेली. अंगठा उठला तो जबाब संपल्यावर.

तो पुसत मावशी म्हणाली, "वाचता येत नाही हे आधी सांगायचं, साहेब. सुनेला आणलं असतं."