पिंगळीतला समुद्र

त्या दिवशी ओसरीवर कोण कोण होतं ते आधी सांगते, मागून कुणी मनू नये की म्हातारी रचून सांगायलीय. माझे सासरे होते, आमचे मालक होते, थोरल्या जाऊ गिरजाबाई होत्या, भाता मारायला आलेला गणपत लोहार होता, आन् खांबाला धरून मी. एवढ्यांच्या देखत आमच्या धाकल्या मामंजींनी पिंगळी गावात समुद्र आणला. निजामाच्या राज्यात लय मोठमोठे लोक झाले, हत्तीवरून फिरणारे झाले. पण आमच्या मुलखात समुद्र आणणारा माणूस एकच झाला, आन् तो आमच्या घरचा.

धाकले मामंजी म्हणजे सासऱ्याचे पाठचे भाऊ. पटकीच्या साथीच्या साली त्यांची बायको आन् पोरगा एका हप्त्यात गेले. त्याच साली माझीबी तान्ही लेक गेली. गेली ती गेली, बांधाच्या कडंला पुरली आन् मी खुरपायला लागले. पण मामंजींची वाचाच बसली. सांगितलं काम करायचे, वाढलं तेवढं खायचे, बोलायचे न्हाईत. सासऱ्यानं त्यांना कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला धाडलं, की चार माणसं दिसतील. तिथं त्यांनी समुद्र पाहिला, आन् कुण्या साहेबाच्या बंगल्यात काचंच्या पेटीत खाऱ्या पाण्याचे मासे पाहिले. घरी आले ते वहाणा काढायच्या आधी बोलले, "दादा, आपल्या घरी मासे पाळायचेत. समुद्रातले."

सासरे मनले, "येडा झालास का? इथं प्यायचं पाणी गेलंय तळाला." पण मागून चुलीपाशी आले आन् हळूच मला मनले, "सूनबाई, त्याला काय लागंल ते दे. बोलायलाय तो."

मग काय, आमच्या घरात दुसरं कामच ऱ्हायलं न्हाई. परभणीच्या एका हलवायाची मोडकी काचंची पेटी कडबा घालून गाडीत आणली. राळ आन् एरंडेल घोटून फटी बुजवल्या. पहिल्या खेपंला खारं पाणी पाझरून गोठ्यात गेलं आन् म्हैस भुई चाटत बसली. मामंजी तिच्याकडं बघून मनले, "चव बरोबर आलीय मनायची." दुधना नदीची वाळू आणली, ती मला तांदळावाणी धुवायला लावली. माशाला पाण्यात हवा पायजे, मनून लोहाराचा जुना भाता मांडला, त्याला पपईच्या देठाची नळी. कुणी ओसरीवर टेकलं की मामंजी मनायचे, "बसा, चहा टाकलाय, तवर भाता मारा." महसुलाच्या कामाला गिरदावर आला, त्यालाबी सोडला न्हाई. तो शेरवानीच्या बाह्या सारून भाता मारायला लागला, आन् सासरे मान खाली घालून हसायले.

आता सगळा समुद्र काय गाडीत येतो? मामंजी मनले, "येडे हो, विरजण आणायचं." हिरीच्या पाण्यात खडेमीठ टाकायचं, त्यात एक घागर खरा समुद्र वतायचा, वर फडकं बांधून उबीला ठेवायचं. दही लागतं तसा समुद्र लागंल. ह्यात कुणाला काई चूक दिसली न्हाई, मलाबी न्हाई. मीठ टाकायचं काम माझं. "पोखर्णीच्या नरसिंहाचा निवद तू न चाखता करतीस," मामंजी मनले, "कवा अळणी झाला न्हाई. समुद्रबी तसाच कर."

मग पुन्हा मुंबईला गेले ते दोन घागरी घेऊन. येताना करोडगिरीच्या, मंजी जकातीच्या, नाक्यावर शिपायानं धरलं. "इसमें क्या है?"

"समंदर."

त्यानं बोट बुडवून चाखलं, थुंकला आन् मनला, "समंदर पो महसूल लिख्या नै. लेके जाव."

दुसऱ्या घागरीतले रंगीत मासे वाटंतच मेले. ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक निवटी मासळी तेवढी जगली, खाडीच्या चिखलातली. डोळे टपोरे, अंग मातकट. पेटीत सोडली तर पाण्यातून वर येऊन धोंड्यावर बसली आन् आमच्याकडं बघायली. गिरजाबाई पदराआडून मला मनल्या, "एवढ्या लांबून बेडकाचा जावई आणलाय गं." मामंजींना ऐकू गेलं. ते मनले, "जावई तर जावई. मानपान करा."

बातमी पेडगावपर्यंत गेली. अवसेच्या दिवशी माणसं तांबे घेऊन आली. समुद्राचं तीर्थ दारी आलंय, कोण सोडंल? एकेकानं ओंजळभर घेतलं. पण आपल्याकडं कुणाचं भांडं मोकळं करून जात न्हाईत. तवा जेवढं घेतलं तेवढं आपल्या तांब्यातलं गोडं पाणी प्रत्येकानं पेटीत वतलं. सासरे दार लावायला उठले. मामंजींनी त्यांचा हात धरला. "दादा, ह्यांनी जन्मात समुद्र पाहिला न्हाई. नेऊ दे."

दिवस मावळंपर्यंत समुद्र गोडा झाला. निवटी तळाला जाऊन पडली. मामंजी पेटीपाशी बसले आन् बोलायचे थांबले. सासऱ्याचं तोंड उतरलं. मला निवटीचं दुःख नव्हतं, खरं सांगते. हा माणूस पुन्हा मुका झाला तर पुन्हा कोणता समुद्र आणायचा, एवढंच माझ्या पोटात. मी मुठीनं न टाकता चिमटीचिमटीनं मीठ सोडत गेले. मालक, गिरजाबाई, गणपत, समद्यांनी आळीपाळीनं भाता मारला. सासऱ्यानंबी मारला. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टायमाला निवटी धोंड्यावर चढली. मामंजी तिला मनले, "आलीस? ह्या लोकांनी लय घाम गाळला तुझ्यापायी."

पुढल्या सुगीपर्यंत जगली ती. मेली त्या सकाळी आमी समदे दारात उभे ऱ्हायलोत, मामंजींच्या तोंडाकडं बघत. त्यांनी तिला तुळशीच्या बुडाशी पुरलं, हात धुतले आन् मनले, "समुद्रापासून एवढ्या लांब येऊन तिनं संसार केला. सूनबाई, भाकर वाढ. आज तुमाला तिची समदी गोष्ट सांगतो." आन् सांगत बसले. मधूनच बायकोचं नाव घेतलं, पोराचं घेतलं. पटकीनंतर पहिल्यांदा. सासऱ्यानं ताटावरनं मान वर केली न्हाई.

मामंजी गेले त्याला लय वर्सं झाली. समुद्र मी आजपतोर पाहिला न्हाई, पण आमच्या घरी होता. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीच्या साली आमी घर सोडून गेलोत, परत आलोत तर पेटी नव्हती. कुणी नेली, माहीत न्हाई. हे वाचणाऱ्यात कुणाच्या घरी तसली हलवायाची जुनी काचंची पेटी असंल तर मी मागत न्हाई. फकस्त तिच्यात दाणे भरू नका. पाणी भरून ठेवा. गोडं असलं तरी चालंल.