खालच्या अंगाचा पूल

त्या वर्षी हिंगोलीत दोनच तट होते: नदीच्या वरच्या अंगाला पूल हवा म्हणणारे आणि खालच्या अंगाला हवा म्हणणारे. गाव वाढत होतं. वसमतकडे निघालेल्या हळदीच्या गाड्या पावसाळ्यात कयाधूच्या अलीकडेच अडकून पडायच्या. तेव्हा पूल सगळ्यांनाच हवा होता. पण वरच्या अंगाला रस्ता काढला तर बाजारातली दुकानं पडणार होती आणि माझ्या वडिलांची अडत बाजारातच. म्हणून ते खालच्या अंगाचे. आवाज खणखणीत, शाळेच्या पटांगणातल्या सभेत ते उठले की समोरचे गपगार.

खालच्या अंगाला, काठावर, तान्ह्या लेकरांना पुरायची जागा होती. आमच्याकडे इतकं लहान लेकरू जाळत नाहीत. बाप त्याला कवेत घेऊन जातो, पुरतो, वर दगड आणि बाभळीच्या काट्या ठेवतो. बायका तिकडे जात नाहीत. त्यामुळे आपलं लेकरू नेमकं कुठे आहे, हे एकाही आईला ठाऊक नसे. माझी धाकटी बहीण तिथेच होती. मी शाळेत जायला लागलो त्या वर्षी ती गेली. आता मी कॉलेजात होतो.

शेवटी खालचं अंग ठरलं. तिथे रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या ठोकल्या, त्या दिवशी मायने जेवताना विचारलं, "आपलं लेकरू रस्त्यात येऊन राहिलं का?"

"न्हाई. लई लांब हाय ते," वडील म्हणाले आणि भाकरी कुस्करत राहिले.

मग खुंट्यांपाशी दुधाच्या वाट्या दिसू लागल्या. एका खुंटीला झबलं बांधलेलं. कोण ठेवतं, कोण बांधतं, कोणी पाहिलं नाही. सकाळी वाट्या रिकाम्या असत. कुत्री पितात म्हणावं, तर एकही कलंडलेली नसे. मला असल्या गोष्टींची चीड यायची, कॉलेजात शिकत होतो ना! तरी तिथून सायकलवर जाताना मी घंटी वाजवत नसे.

मग आखणी करणारे बांधकाम खात्याचे साहेब म्हणाले, ज्याची हरकत असेल त्याने येऊन जागा दाखवावी, आखणी सरकवू. भर दुपारी सगळे बाप काठावर जमले. मीही गेलो. सभेत एकमेकांची गचांडी धरणारी ही माणसं, इथे एकमेकांना वाट देत होती. इतक्या वर्षांच्या पुरांनी दगड हलले होते, काट्या वाहून गेल्या होत्या. एकाने बोट दाखवलं. दुसरा म्हणाला, "ते तर माहं हाय." मग तोही गोंधळला. वारा पडलेला, आणि ती सगळी माणसं वाकून जमीन न्याहाळत फिरत होती. मला भीती वाटली, खरंच वाटली.

वडील एका खुंटीपाशी उभे होते. साहेबांनी विचारलं, "तुमचं?"

"आमचं इथं न्हाई," ते म्हणाले. मला ते खरंच वाटलं.

पूल खालच्याच अंगाला झाला. तो सुरू झाल्यावर आम्ही तिघं एसटीने वसमतला एका लग्नाला निघालो. पुलाआधीच्या भरावावर बस चढली, तशी वडिलांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय हळूच बाकावर घेतले. नजर खिडकीबाहेर.

माय त्यांच्या पायांकडे बघत राहिली. "इथं व्हय?" तिने विचारलं.

वडिलांनी पाय आणखी पोटाशी घेतले. मायनेही चपला काढल्या आणि मला म्हणाली, "पाय वर घे."